ढकलपास पिढीचा जाब

महाराष्ट्राने शाळकरी मुलांची एक अख्खी पिढी वाऱ्यावर सोडली आहे. राग आम्हाला आहेच, पण हे वाक्य रागाच्या भरात लिहिलेले नाही. तारखा समोर ठेवून लिहिले आहे. २०२० च्या मार्चमध्ये राज्यातल्या शाळांना कुलपे लागली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला हॉटेले आणि बार उघडले, १६ नोव्हेंबरला देवळे उघडली. खेड्यातली पहिली ते चौथीची लेकरे मात्र १ डिसेंबर २०२१ ला वर्गात बसली, आणि महिनाभर होते न होते तोच जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. बार उघडला त्या दिवसापासून पहिलीचा वर्ग उघडेपर्यंत जवळजवळ चौदा महिने गेले. काय आधी उघडायचे आणि काय शेवटी, याचा क्रम मंत्रालयात लागला होता, आणि त्या क्रमात सहा वर्षांचे मूल सर्वांत खाली होते.

साथ भयंकर होती, हे आम्ही विसरलेलो नाही. देशात सर्वाधिक मृत्यू याच राज्याने पाहिले. पहिल्या काही महिन्यांत शाळा बंद ठेवण्यावाचून कोणत्याही सरकारला गत्यंतर नव्हते, आणि त्या महिन्यांबद्दल आमचे भांडणही नाही. आमचे भांडण त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. शाळा उघडल्यावर जे करायला हवे होते ते केले गेले नाही, आणि ते न करण्यात सत्तेवर आलेला प्रत्येक पक्ष सामील आहे. महाविकास आघाडीच्या काळात मुले परीक्षेवाचून वर ढकलली गेली. महायुतीच्या काळात ती ढकललेली मुले तशीच पुढे जाऊ दिली गेली. या प्रश्नावर एकमेकांकडे बोट दाखवण्याचा अधिकार दोघांनीही गमावला आहे.

गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात. गट नंबर कोणता, पीक कोणते, क्षेत्र किती, नुकसान किती टक्के, सगळे कागदावर उतरते. मदत उशिरा मिळते, तुटपुंजी मिळते, पण नुकसान झाले हे सरकार लिहून तरी देते. मुलांची दोन वर्षे वाहून गेली, त्याचा पंचनामा कुठे आहे? शाळा उघडल्या त्या आठवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून, त्याला अक्षर ओळखता येते की शब्द, वाक्य वाचता येते की उतारा, हातच्याची बेरीज येते की नाही, हे तपासायला एका मुलामागे दहा मिनिटे पुरतात. पूर्वचाचण्या झाल्या, तक्ते भरले गेले, केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून वर गेले. पण त्या तक्त्यावरून मुलांचे गट पाडून, ज्याला जे येत नाही तेच त्याला रोज शिकवण्याची व्यवस्था राज्यभर उभी राहिली नाही. नुकसान मोजण्याचा उपयोगच काय, जर भरपाई द्यायचीच नसेल?

भरपाईच्या नावाने काय दिले तेही बघा. १ जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम जाहीर झाला. मागच्या इयत्तेतले महत्त्वाचे घटक, दिवसवार कृतिपत्रिका, ठरावीक दिवसांनी चाचण्या, कागदावर सगळे व्यवस्थित होते. कल्पना वाईट नव्हती, आणि ज्या शिक्षकांनी त्या कृतिपत्रिका तयार केल्या त्यांच्या श्रमांचा आम्ही आदर करतो. पण त्या जुलैत खालच्या वर्गांच्या शाळा बंद होत्या! अभ्यासक्रम आला तो पीडीएफ होऊन, मोबाईलवर. मोबाईल नव्हता म्हणून ज्या मुलांचे शिक्षण बुडाले, त्यांचे बुडालेले शिक्षण मोबाईलवरून भरून काढायचे, असा हा कारभार. साथीच्या आधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या पंधराच घरांत इंटरनेटची सोय आढळली होती आणि संगणक शंभरातल्या चार-पाच घरांत. ही आकडेवारी सरकारचीच होती. आणि सेतू अभ्यासक्रम चालू होता त्याच पावसाळ्यात, ऑगस्ट २०२१ मध्ये, अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले होती शंभरात आठ. सदतीस मुले अजिबात काही शिकत नव्हती. पाहणीतल्या निम्म्या मुलांना दोन-चार शब्दांपलीकडे वाचता येत नव्हते.

हे सगळे चव्हाट्यावर असताना राज्याने आपली पाठ कशी थोपटून घेतली? एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवी सरसकट वरच्या वर्गात गेली. त्या वर्षी दहावीची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लागला तो ९९.९५ टक्के. मुलांना नापास करायला हवे होते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. साथीचा दंड मुलाने का भरावा? वर्ग पुढे न्यायचा होता तर न्यायला हवाच होता. पण मूल पुढे ढकलणाऱ्यावर एक जबाबदारी येते: मागे राहिलेले त्याच्याबरोबर पुढे पोहोचवण्याची. ती जबाबदारी कोणी घेतली नाही. गुणपत्रिका पुढे गेली, मूल मागे राहिले.

त्याचा परिणाम बघायचा असेल तर कोणत्याही तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवी-आठवीच्या वर्गात जाऊन मागच्या बाकांवर बसा. तिथे एक मुलगी भेटेल. फळ्यावरचे सगळे तिने वहीत उतरवलेले असते. अक्षर टपोरे, समास आखलेला, तारीख घातलेली, खाली लाल शाईने ‘छान’. तीच वही तिच्यासमोर धरून ‘हे वाच’ म्हणा. बोट अक्षराखाली जाते. ‘प्र... का... श...’ इथवर ती येते आणि पुढच्या अनोळखी जोडाक्षराशी थबकते. मग ती मान वर करून तुमच्या ओठांकडे बघते, तुम्ही पुढचा शब्द बोलाल म्हणून. तिने लिहिलेले तिला वाचता येत नाही. अक्षरे तिने चित्रे काढावीत तशी उतरवली आहेत. विज्ञानाच्या पुस्तकातला पुढचा धडा गुरुजींना उद्या घ्यायचाच आहे, कारण अभ्यासक्रम पूर्ण करायचा आहे. ती उद्याही उतरवून घेईल. शाळा बंद झाली तेव्हा ती बाराखडी शिकत होती. जोडाक्षरे शिकवायच्या वर्षी तिला कोणी भेटलेच नाही, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्गशिक्षकाने ती मागच्या वर्गात शिकली असेल असे धरून चाललेले आहे.

ही मुलगी मठ्ठ नाही. आठवडी बाजारात ती आईबरोबर भाजीच्या पाटीवर बसते आणि तीन गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी करते. वर्गात मात्र भागाकाराचे चिन्ह दिसले की तिचा हात थांबतो, कारण चिन्हाचा आणि त्या हिशेबाचा सांधा तिला कोणी जुळवून दाखवलेला नाही. तो सांधा जुळवण्याला शिक्षण म्हणतात. पाठ्यपुस्तकाची पाने उलटण्याला नव्हे.

आता सरकारपक्षाचे लोक उठून म्हणतील की, परिस्थिती सुधारली आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षण-पाहणीचा २०२४ चा अहवाल दाखवतील. दाखवावाच, आम्हीही तोच दाखवतो. देशभरात ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या तिसरीत दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये ती १६.३ वर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ वर आली. छान झाले. पण २०२४ मध्ये तिसरीत असलेले मूल पहिलीत केव्हा आले? २०२२ मध्ये. शाळा उघडल्यानंतर! त्याची शाळा कधी बंदच झाली नव्हती. ज्याचे काही हरवलेच नव्हते, त्याच्या प्रगतीला ‘हरवलेले भरून काढले’ म्हणायचे, हा हिशेब कोणत्या पाटीवर शिकवतात?

ज्यांचे खरोखर हरवले त्यांच्याकडे बघा. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव लागलेली मुले २०२४ मध्ये पाचवीत होती. सरकारी शाळांतल्या या पाचवीतली ४४.८ टक्के मुले दुसरीचा उतारा वाचू शकली. २०१८ च्या पाचवीइतकीच. म्हणजे शंभरातली पंचावन्न मुले पाचवीत जाऊनही दुसरीचे वाचू शकत नाहीत, आणि त्याला आपण पूर्वपदावर आलो म्हणतो. पूर्वपदच लाजिरवाणे होते! आणि त्यांच्याहून मोठी मुले? शाळा बंद झाल्या तेव्हा जी तिसरीत होती ती २०२४ मध्ये आठवीत पोहोचली. सरकारी शाळांतल्या आठवीची वाचनाची टक्केवारी २०१८ मध्ये ६९ होती. २०२२ मध्ये ती ६६.२ झाली आणि २०२४ मध्ये ६७.५ वरच रेंगाळली. लहान मुले सावरली. मोठी सावरलेली नाहीत.

याचे कारण धोरणातच आहे. केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले आणि त्याचे लक्ष्य तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि मूलभूत गणित यावे हे आहे, मुदत २०२६-२७. महाराष्ट्राने त्यावर आपले ‘निपुण महाराष्ट्र’ उभे केले. २०२५ च्या मार्चमध्ये काढलेला कृती कार्यक्रम दुसरी ते पाचवीसाठी होता. लक्ष्य योग्य आहे. पाया लहानपणीच घातला पाहिजे, यात वाद नाही. पण टाळेबंदीत ज्यांचा पाया खचला त्यांतली बहुतेक मुले या कुंपणाबाहेर कधीच निघून गेली. अभियान सुरू होऊन गावपातळीवर पोहोचेपर्यंत ती चौथीत गेली, पाचवीत गेली, सहावीत गेली. कार्यक्रम मागून येत राहिला आणि ती प्रत्येक वेळी एक इयत्ता पुढे होती. आज ही मुले उच्च प्राथमिकपासून दहावीच्या उंबरठ्यापर्यंत पसरलेली आहेत, आणि त्यांच्यासाठी राज्याकडे एकही पूर्णवेळ, निधी असलेला, रोज चालणारा कार्यक्रम नाही. त्यांचे नाव कोणत्याच अभियानाच्या यादीत नाही.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आपल्या मुलांचे नुकसान विकत भरून घेतले. पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण देशात २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, २०२२ मध्ये ३०.५ झाले. उरलेल्यांनी काय करायचे? मजुरीला जाणाऱ्या बापाने कोणाच्या दारात उभे राहायचे? जे शिक्षण कायद्याने मोफत आणि हक्काचे आहे, त्याचा हरवलेला भाग बाजारातून आणावा लागत असेल, तर तो हक्क कागदावरच उरला.

बुडालेले शिक्षण भरून काढण्याचे हे काम होत नाही असे कोणी म्हणू नये. ते तमिळनाडूने करून दाखवले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने ‘इल्लम तेडी कल्वी’ म्हणजे ‘दारोदार शिक्षण’ ही योजना काढली. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणांना, त्यातही मुख्यतः बायकांना, हाताशी धरले. महिना हजार रुपये मानधन दिले. संध्याकाळी तास-दीड तास ओसरीवर, देवळात, समाजमंदिरात मुले बसवली. स्वयंसेवकांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि मॉरिसियो रोमेरो या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण तमिळनाडूतल्या सुमारे १९ हजार मुलांची तपासणी केली, तेव्हा शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत तुटीतला दोन-तृतीयांश भाग भरून निघालेला आढळला, आणि त्या भरपाईतला जवळपास चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. हजार रुपये मानधन तुटपुंजेच आहे, त्या बायकांच्या कष्टाला ते शोभणारे नाही. पण तिथल्या सरकारने निदान ठरवले आणि केले.

आणि महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायची गरज तरी होती का? मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जे येते त्याप्रमाणे बसवायचे, ही पद्धत ज्या ‘प्रथम’ संस्थेने देशभर नेली, ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांतच जन्मली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमाचे प्रयोग मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत झाले. त्यांचा अभ्यास करणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत कोणतेही मूल मागे न ठेवता शिकवता येते, हे बघायला राज्यभरातले शिक्षक गाड्या करून जात होते. त्याच धाग्यावर २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ची घोषणा झाली. त्याही मागे जा. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून रडत न बसता शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. हे ज्ञान आपल्या मातीत, आपल्या भाषेत, आपल्या शिक्षकांच्या हातात होते. संकट आले तेव्हा ते बाहेर काढले नाही, म्हणून आमचा संताप दुप्पट आहे.

शिक्षकांनी आपल्या परीने ते काढले होते. सोलापूरच्या नीलमनगरात विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. येता-जाता मुले ते वाचत होती. पालघरच्या पाड्यांवर भोंग्यावरून धडे ऐकवले गेले. किती गुरुजी आणि बाई मोटारसायकलवर फळा बांधून वस्त्या फिरले, पाराखाली आणि गोठ्याच्या पडवीत मुले बसवली, त्याची नोंद कोणत्या अहवालात नाही. याच शिक्षकांना त्या काळात तपासणी नाक्यांवर उभे केले गेले, रेशन दुकानात बसवले गेले, घरोघर ताप मोजायला पाठवले गेले. साथीत तेही मान्य करू. पण साथ गेली तरी ते थांबले का?

जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरत होते. सर्वेक्षणाला आमचा विरोध नाही. ते काम गावातल्या बेरोजगार पदवीधराला पैसे देऊन करून घेता आले असते. त्याआधी निरक्षरांचे सर्वेक्षण, मग मतदारयाद्या, मग निवडणूक. त्याशिवाय रोजचे आहेच: पोषण आहाराची नोंद, यू-डायस, आधार जुळवणी, अपार आयडी, उपस्थितीचा बॉट. दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक सकाळी मोबाईल उघडतो तेव्हा ‘माहिती तात्काळ, आज दुपारी १२ पर्यंत’ असे निरोप आधीच येऊन पडलेले असतात. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक लिंक भरतो आहे. उरलेल्या एकाने चार इयत्तांच्या मुलांना कोणत्या वेळी जोडाक्षरे शिकवायची?

आणि त्या दोन जागा तरी भरलेल्या आहेत का? २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. त्यानंतरची एक मोठी भरती, सुमारे साडेएकवीस हजार पदांची, जाहिरात होऊन हलली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात शाळा निवृत्त शिक्षकांवर आणि मानधनावर चालवायचे बेत झाले. २०२३ मध्ये निवृत्तांना महिना वीस हजारांवर बोलावले. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कायम शिक्षकाऐवजी कंत्राटी माणूस नेमण्याचा निर्णय आला, तेव्हा सप्टेंबरमध्ये शिक्षक रजा टाकून रस्त्यावर उतरले. त्याआधी, २०२३ मध्ये, वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शासनाने पुढे रेटला. दोन वर्षे शाळा बंद राहून ज्या पाड्यातल्या मुलांचे सर्वाधिक नुकसान झाले, त्याच पाड्यातली शाळा उचलून दहा किलोमीटरवर न्यायची? सातवीतल्या मुलीला तितक्या लांब पाठवण्यापेक्षा तिचे लग्न उरकणारे घर या राज्यात आहे, हे मंत्रालयाला माहीत नाही का?

शासनाने या वर्षांत आपली सारी ताकद कुठे खर्च केली, ते सांगतो. ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा झाली, भिंती रंगल्या. मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुलांनी आणि पालकांनी सेल्फी काढून संकेतस्थळावर चढवायचे, असा कार्यक्रम शाळांना लावला गेला. पाठ्यपुस्तकांत कोरी पाने शिवली गेली आणि दोन वर्षांनी काढून टाकली गेली. ‘एक राज्य, एक गणवेश’ आले. निम्मे वर्ष सरले तरी मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता, आला तो बेमापी, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवावा लागला. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा आदेश निघाला. जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, पण अडीच महिने अख्खे राज्य त्यात गुंतले. पाचवीतल्या मुलाला मराठी वाचता येत नाही, या वस्तुस्थितीवर अडीच महिने सोडा, विधिमंडळात अडीच दिवस तरी सलग चर्चा झाली आहे का? मराठीच्या नावाने छाती बडवणाऱ्या पक्षांनी हे उत्तर द्यावे. मराठी शाळेतल्या मुलाला मराठी वाचता येत नाही, यापेक्षा मराठीचा मोठा अपमान आम्हाला तरी माहीत नाही.

ऊसतोड मजुरांच्या मुलांविषयी वेगळे लिहिलेच पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर बीड, नगर, जालन्याच्या गावांतून कोयत्याच्या जोड्या निघतात, मुकादमाची उचल फेडायला. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले तर मूल आजीजवळ गावात राहते आणि शाळेत जाते. उशीर झाला तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चुलीच्या सामानावर बसून फडात जाते. साथीच्या दोन हंगामांत शाळाच बंद, त्यामुळे मुले सरळ फडात गेली. जी तेव्हा लहान भावंडे सांभाळायला गेली, ती आता वाढे गोळा करतात, मोळ्या बांधतात. गाव सुटले तरी शाळा सुटू नये म्हणून दिलेले शिक्षण हमी कार्ड त्यांच्या पिशवीत असेल. पण ज्या कारखान्याच्या तळावर ती उतरतात तिथल्या शाळेत त्या कार्डाकडे कोण बघतो? या मुलांचे दोनदा नुकसान झाले: एकदा साथीत, आणि मग दर वर्षी कार्तिकात.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सांगितले होते की, शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड लावला. आज पालक मूल पाठवतो. पोषण आहारासाठी म्हणा, आशेने म्हणा, रोज पाठवतो. मूल वर्गात बसलेले आहे आणि तरी त्याला वाचता येत नाही. आज दंड कोणाला लावायचा? या दोघांच्या तसबिरी दालनात लावून आणि त्यांच्या नावाने भाषणाची सुरुवात करून राज्य चालवणाऱ्यांनी याचे उत्तर स्वतःच ठरवावे.

आमची मागणी स्पष्ट आहे. सहावी ते नववीच्या प्रत्येक मुलाची वाचन-लेखन-गणिताची तपासणी समोर बसवून, तोंडी, शाळेबाहेरच्या माणसाच्या उपस्थितीत व्हावी आणि शाळानिहाय निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या वेळातच रोज दीड तास, इयत्ता बाजूला ठेवून, पातळीप्रमाणे गट बसावेत. त्यासाठी अभ्यासक्रमातले धडे कमी करावे लागले तर करा. २०२० च्या जुलैत २५ टक्के अभ्यासक्रम एका आदेशाने कमी करता आला होता, मग आता का करता येऊ नये? वाचता न येणाऱ्या मुलासमोर इतिहासाचा दहावा धडा पूर्ण झाला काय आणि राहिला काय! डी.एड. आणि टीईटी होऊन घरी बसलेले हजारो तरुण-तरुणी आहेत. त्यांना या कामावर घ्या, आणि हजार रुपयांवर नव्हे, जगता येईल अशा पगारावर घ्या. शाळेच्या वेळेत शिक्षकाला कोणतेही सर्वेक्षण, कोणतीही लिंक, कोणताही सोहळा लावणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल असा आदेश काढा आणि पाळा. हंगामी वसतिगृहे दसऱ्याच्या आधी सुरू करा, कारण त्यानंतर ती सुरू करून उपयोग नसतो. आणि टाळेबंदीतल्या पिढीच्या आजच्या स्थितीवर श्वेतपत्रिका येत्या अधिवेशनात पटलावर ठेवा. पैसा नाही हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर या राज्याला हजारो कोटी सापडतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

वाचकहो, सरकार आपणहून हे करेल अशी वाट बघू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. ती समिती म्हणजे सह्यांची वही नव्हे. पुढच्या बैठकीला दुसरीचे बालभारतीचे पुस्तक घेऊन जा आणि सातवीतल्या मुलांना त्यातले पान वाचायला सांगा. मुलांना लाजवण्यासाठी नाही, मोठ्यांना जाब विचारण्यासाठी. किती मुलांना आले ते इतिवृत्तात लिहायला लावा. ते इतिवृत्त गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या, महिन्याने पुन्हा जा. ग्रामसभेत रस्त्याचा आणि नळाचा ठराव होतो तसा वाचनाचा ठराव करा. आमदार मते मागायला दारात येईल तेव्हा त्याला तुमच्या गावच्या शाळेतल्या आठवीचा आकडा विचारा, आणि तो त्याला सांगता आला नाही तर त्याला दारातूनच परत पाठवा.

हे सगळे लगेच व्हायला हवे, कारण या मुलांकडे वेळ उरलेला नाही. तिसरीत असताना ज्यांच्या शाळेला कुलूप लागले, त्यांची दहावीची परीक्षा मार्च २०२७ मध्ये आहे. जी त्या जूनमध्ये पहिलीत आली आणि दीड वर्ष वर्गच पाहू शकली नाहीत, त्यांची मार्च २०३० मध्ये.